आवाज परत आणल्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो हल्ली कागदावरच जमतो.) तुझा खोकला कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? आम्ही दोघंही ठीक आहोत. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या नर्सबाईंनाही माझा नमस्कार, तो त्यांनी परस्पर घ्यावा.

पत्रास कारण, आज सकाळी साडेदहा वाजता मी आमच्या संगणकाचा गेलेला आवाज परत आणला. एकट्याने. तुझी भावजय साक्षीला आहे, आणि ती माझ्या बाजूने सहसा साक्ष देत नाही हे तुला माहीत आहेच.

झालं असं, की पाच आठवड्यांपूर्वी पडद्यावर एक चौकट उघडली. तुमचा संगणक मंदावला आहे, फुकटात साफसफाई करून देतो, म्हणाली. दारात कुणी असं म्हणत आला असता तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता. पण ही इतक्या अदबीने विचारत होती की मी 'होय' दाबलं. तो निघाला व्हायरस. पडद्यावर जाहिरातींचा सुळसुळाट झाला आणि आवाज साफ गेला. नेमका त्याच रविवारी तुझा निरोप आला. आमचे दोन्ही फोन जुने, बटणांचे. तू बोलून पाठवतेस ते सगळं संगणकावरच ऐकायचं. आता चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाने घरातलाच आवाज गेला म्हणून बहिणीला कळवायचं? (नर्सबाई, हा कंस मनातल्या मनात वाचा: लाज वाटली.) म्हणून तीन रविवारच्या तीन निरोपांना मी न ऐकताच दर वेळी तेच एक लेखी उत्तर पाठवलं, 'उत्तम विचार. लगेच कर.' तुझे विचार उत्तमच असतात, तेव्हा यात धोका काहीच नव्हता. पुढचे दोन रविवार तुझा निरोप आला नाही. डॉक्टरांच्या खेपा चालू असतील.

संगणक विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्याने मशीनकडे न बघताच सांगितलं, "काका, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. आतलं काही वाचेल याची खात्री नाही." आत तुझे सहा वर्षांचे निरोप आहेत. मी म्हटलं, मशीन मुकं राहिलं तरी चालेल, पण पुसायचं नाही. आणि ते तसंच काखोटीला मारून घरी आणलं.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. स्पीकर सोडवला आणि टॉर्चमधला सेल त्याच्या तारांना लावला. खट्! म्हणजे स्पीकर जिवंत, दोष आतच. (दुकानदाराला ही परीक्षा माहीतच नव्हती.) मग व्हायरस मारायचा प्रोग्रॅम घातला. तो दिवसभर चालला आणि त्याने त्रेचाळीस व्हायरस पकडले. तरी आवाज नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं, की संगणकाला बोलतं करणारा जो ड्रायव्हर असतो, त्यातच एक व्हायरस घुसला होता, आणि त्याला मारताना ड्रायव्हरही गेला. ढेकूण मारायला पलंग जाळावा तसा प्रकार. नवा ड्रायव्हर संगणकाबरोबर मिळालेल्या सीडीत होता, आणि ती सीडी तुझ्या भावजयीने कबुतरं बिचकावीत म्हणून गॅलरीत दोऱ्याने टांगली होती. दोन वर्षं ऊनवारा खाल्लेली सीडी मी साबणाने धुतली, चष्म्याच्या फडक्याने पुसली आणि आत सरकवली. ती कुरकुरत, थांबत थांबत, पण चालली.

आणि संगणक सुरू होतानाचं ते चार सुरांचं संगीत वाजलं. मला इतका आनंद झाला ताई, की पहिला रेडिओ दुरुस्त केला तेव्हाही झाला नव्हता. मी लगेच तुझ्या भावजयीला आवाज कसा गेला आणि कसा आणला ते पहिल्यापासून सांगायला बसलो. ती म्हणाली, "अहो, त्याचा आवाज आला ना? मग आता तुमचा जरा बंद ठेवा." गॅलरीत कबुतरं परत आली आहेत, त्याचंही खापर माझ्यावरच.

तुझे तीन निरोप अजून ऐकलेले नाहीत. दुरुस्त केलेला सेट अर्धा तास नुसता चालू ठेवायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा माझ्या दुकानाचा नियम. त्या अर्ध्या तासातच हे पत्र लिहिलं. कळावे.

तुझा,
धाकटा

ता. क. : अर्धा तास झाला. पहिल्या निरोपात नवे पडदे शिवायला टाकू का, असं विचारलं आहेस. दुसऱ्यात, खोकल्याचं औषध बदलून बघू का. माझं उत्तर दोन्हीकडे चपखल बसलं. म्हटलं होतं ना, धोका काहीच नव्हता.

ता. क. दुसरा : तिसरा ऐकला. "बारक्या, दर रविवारी माझंच तेच तेच पुराण. लिहायला दिसत नाही म्हणून बोलते, इतकंच. तुम्हाला कंटाळा येत असेल. आता हे बंदच करावं म्हणते."

आणि त्यावर माझं उत्तर तुला नर्सबाईंनी वाचून दाखवलं असणार.

ताई, आत्ता तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मला फार वाईट वाटतंय. दुरुस्ती झाली असं वर लिहिलंय ते खरं नाही. परीक्षा अजून बाकी आहे, आणि तिला या रविवारी तुझा निरोप लागेल. लांबलचक, खोकल्यासकट, पडद्यांच्या रंगासकट. नर्सबाई, हा ता. क. तिला दोनदा वाचून दाखवा, आणि कृपा करून मोठ्याने.