सुटे ठिपके

मी, खाली सही करणारी, कापडगिरणीतली निवृत्त नक्षीकार, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घाबरलेली मात्र आहे, त्याला दाखला लागत नाही. उद्या गाठ काढायला माझं डोकं उघडणार आहेत. मजकूर मी सांगते आहे, वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई उतरवून घेत आहेत.

कारणही नोंदवते, म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नकोत. जन्मभर मी ठिपक्यांच्या कागदावर नक्षी काढली. गेल्या हिवाळ्यात ते ठिपके एकमेकांना सोडून गेले; एका वेळी एकच काय ते दिसू लागलं. रस्ता ओलांडताना मला सिग्नलचा दिवा दिसला, अंगावर येणारा ट्रक दिसला नाही. धाकट्या बहिणीने दंडाला धरून मागे ओढलं. मग डॉक्टरांनी तीन ठिपक्यांचं कार्ड समोर धरलं.

"किती आहेत?"

"एक." मग नजर सरकवून म्हटलं, "हा दुसरा. पण पहिला कुठे गेला?"

बहिणीच्या हातातली पिशवी खाली पडल्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं, उत्तर चुकलं.

१) राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. थोरल्या भावाला काही नाही. "तिचं डोकं ठिकाणावर नाही, घराचं आत्ताच बघायला हवं," असं तो माझ्याच स्वयंपाकघरात वहिनीला म्हणाला. बिघडली ती नजर, कान नव्हे.

२) कंपासपेटी आणि नक्षीचे सगळे कागद गणिताच्या बाईंना. गणितात तीन ठिपके त्रिकोणात, टोक वर करून मांडले की 'म्हणून', उलटे मांडले की 'कारण', हे त्यांनी मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं. त्यावरून मी चादरीची नक्षी केली. गिरणीच्या व्यवस्थापकाने तिला 'चांदणी' नाव देऊन स्वतःची म्हणून मिरवली. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. (बाई म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. लिहा हो, म्हटलं.)

३) उद्या टेबलावरच गेले तर प्रश्न मिटला. भीती त्याची नाही. श्वास चालू राहिला, आणि बहिणीचा डोळा दिसला, नाक दिसलं, पण बहीण दिसली नाही, तर? तेव्हा माझं काय करायचं, हे तिने एकटीने ठरवावं. भावाने मध्ये पडू नये. खोलीत नक्षीचा पडदा नको. मी ओळखत नाही असं वाटलं, तरी तिने माझ्याशी बोलत राहावं. आवाज मला अजून सबंध ऐकू येतो.

आज सकाळी तिने विचारलं, "ताई, ऑपरेशन राहू दे का?"

"नको. करू या," म्हटलं.

सहीसाठी बाईंनी ठिपक्यांची रेघ आखली आहे म्हणे. मला त्यातला एक ठिपका दिसतो. तिथून सुरू करते.

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: (नक्षीकार)

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते, समोरच्या दुकानातले शिंपी.
सही आम्हा दोघांसमोर झाली. ती रेघ सोडून खाली उतरली आहे. हात कोणी धरला नव्हता.