प्रलय, दोन रोबो आणि माझी प्रस्तावना

४ जानेवारी, सकाळी ६.४०
निर्णय झाला. गेम मी लिहिणार.
काल जेवताना भाचीने विषय काढला. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तिला अर्ज करायचाय. अर्जासोबत स्वतः बनवलेला एक पूर्ण गेम हवा, छोटा चालेल. मुदत ३० एप्रिल. प्रकार व्हिज्युअल नॉव्हेल. म्हणजे स्क्रीनवर चित्र, खाली संवाद, आणि अधूनमधून खेळणाऱ्याला विचारायचं की आता काय करू. थोडक्यात कादंबरीच. वाचक उठून जाऊ नये म्हणून त्याच्या हातात बटण दिलेलं.
तिची कल्पना अशी: जग संपलंय, माणसं नाहीत, दोन रोबो उरलेत. एक स्टेशनवर घोषणा करणारी, दुसरा माल उचलणारा क्रेन, त्याला बोलता येत नाही. म्हणाली, मामा, वीस मिनिटांची साधी गोष्ट आहे.
जग संपलंय आणि वीस मिनिटं.
म्हटलं, लेखनाचं माझ्यावर सोड. ती काहीतरी म्हणणार होती. मी तिच्या पाठीवर थाप मारून विषय संपवला.

५ जानेवारी
मला अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन यांच्यासोबत जी माहितीपुस्तिका येते ती गेली अठरा वर्षं मी लिहितोय. लाखो घरांत माझं साहित्य पोचलंय. ते कुणी उघडत नाही, हा वितरणाचा प्रश्न.
संकल्प: रोज साडेपाचला उठणे. रोज हजार शब्द. ऑफिसात याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

६ जानेवारी
सव्वासातला उठलो. थंडी फार. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं.

१९ जानेवारी, रविवार
प्रस्तावना सुरू. जग नेमकं कसं संपलं हे आधी कळायला हवं. सुरुवात समुद्रापासून केली. एकशे चाळीस पानं झाली, अजून जग शाबूत आहे.
भाचीने विचारलं, रोबो कधी येणार? म्हटलं, येतील, घाई कशाला. ती म्हणाली, खेळणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी निवडायला मिळालं पाहिजे, नाहीतर तो बंद करतो. मी सांगितलं, बंद करणारा वाचक मला नकोच आहे.
आमची ही पलीकडे इस्त्री करत होती. म्हणाली, मग उरेल कोण?
हिला साहित्यातलं फारसं कळत नाही. हॉस्पिटलच्या चौकशीच्या फोनवर बसते. दिवसभर तेच ते, कुठला वॉर्ड, डॉक्टर कधी येणार.

२ फेब्रुवारी
रोबो आले. संवाद जमून आलाय. घोषणा करणारी म्हणते, हे लोहबंधो, या भग्न नभाच्या छायेत आपुल्या धातुमय हृदयांत कोणते स्पंदन उरले? क्रेन बोलू शकत नाही, हे मला खटकत होतं, म्हणून त्याला मनातल्या मनात बोलायला लावलं. अकरा पानं.
भाचीने वाचलं. मग पाणी प्यायला उठली. भारावली असणार.

९ फेब्रुवारी
आता निवडी. तीन ठिकाणी टाकल्या. खेळणाऱ्याने डावीकडे जा म्हटलं तरी गोष्ट उजवीकडेच जाते. भाची म्हणाली, मग निवडीला अर्थ काय? मी समजावलं की लेखक मी आहे, तेव्हा कुठे जायचं हे मला जास्त माहीत. लोकांना विचारायचं ते बरं वाटावं म्हणून.
यावर ही एकदम हसली. का, ते सांगेना. मग म्हणाली, घराला कुठला रंग द्यायचा ते तुम्ही मला विचारलं होतं, तेव्हा रंगाचे डबे आणून झाले होते.
संबंध काय.

२३ फेब्रुवारी
क्रेनच्या चेहऱ्यावर भाव कमी पडतात. विषण्ण पण करारी, असं हवंय. भाचीला सोयीचं व्हावं म्हणून स्वतःचे सहा फोटो काढून दिले. तिने थँक्यू मामा म्हणून फोन पालथा ठेवला.
संगीताचंही मीच बघितलं. गुणगुणून रेकॉर्ड करून पाठवलं. ती म्हणाली, आवाजापेक्षा पंख्याची घरघर चांगली आली आहे, ती वारा म्हणून वापरते. म्हणजे काम झालं.

१६ मार्च
एकूण सहाशे बारा पानं. आधी वाटलं होतं त्यापेक्षा थोडं वाढलंय. भाचीने घड्याळ लावून खेळून पाहिलं. पहिली निवड येते दोन तास दहा मिनिटांनी. तिने हात जोडून सांगितलं, मामा, मला वीस मिनिटांचाच गेम हवाय, दीड महिना राहिलाय. मी म्हटलं, बरं, कापतो.

२४ मार्च
कापताना लक्षात आलं की समुद्राचा भाग थोडा कमी पडतोय. सहाशे चाळीस.

५ एप्रिल, शनिवार, दुपारी १२
भाची मैत्रिणीकडे गेली आहे. तिचा कॉम्प्युटर उघडाच होता. सहज नजर टाकली. माझ्या संवादांच्या मधे मधे इंग्रजी शब्द घुसलेत. jump, label, if, else. एखाद्या चांगल्या मजकुरावर डाग पडावेत तसे. आपण मराठीत गेम करतोय ना? एकेक शब्द शोधून सगळीकडे एकदम बदलायची सोय आहे तिथे. jump च्या जागी उडी. label च्या जागी चिठ्ठी. if ला जर, else ला नाहीतर. एकूण दोन हजार तीनशे ठिकाणी सुधारणा, आणि वेळ लागला फक्त दहा मिनिटं. सेव्ह केलं. ती आली की खूश होईल.

५ एप्रिल, सायंकाळी ५.३०
गेम उघडत नाही. ते शब्द मजकुरातले नव्हते म्हणे. कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञा होत्या.
भाची ओरडली असती तर परवडलं असतं. ती खुर्चीत बसली आणि कीबोर्डवरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, शेवटची कॉपी सतरा दिवसांपूर्वीची आहे. शेवटचा सगळा सीन त्यानंतरचा होता. उलट बदलायला गेलं तर संवादांतले खरे जर आणि नाहीतरसुद्धा if, else होतात म्हणे.
मी म्हटलं, यात एक जमेची बाजू अशी की उडी हा शब्द छान बसला होता. ती उठून आत गेली.

६ एप्रिल
भाची बोलत नाही. जेवायला बसते, उठते. माझ्या मते थकली आहे.
ही बोलली, आणि बसून बोलली. म्हणाली, ताई गेल्यावर ही पोरगी आपल्याकडे राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली. आजवर तिने आपल्याकडे काहीही मागितलेलं नाही. हा गेमसुद्धा मागितला नव्हता. तुम्ही तो घेतलात.
मी म्हटलं, मदत केली. ही म्हणाली, तिने मागितली होती?
आठवून पाहिलं. रविवार असल्यामुळे वेळ भरपूर होता. आठवेना.

७ एप्रिल
पूर्ण विचारांती ठरवलं की तरुणांना वाव द्यायचा. लेखनातून बाजूला होतो. भाचीला तसं सांगितलं, माफीही मागितली. माफीचा मसुदा दोन पानांचा होता, पण प्रत्यक्षात चुकलो एवढंच तोंडातून आलं. ती म्हणाली, ठीक आहे मामा. मग म्हणाली, सुरुवातीला एक सूचना लागते, गेममध्ये प्रकाश एकदम चमकतो, डोळ्यांना त्रास होऊ शकतो, अशी. ती तुम्ही लिहाल? तुमच्याइतकं नेमकं कुणाला जमणार नाही.
नऊ मसुदे केले. अंतिम: या गेममध्ये अचानक प्रकाश चमकतो. त्रास झाल्यास थांबा, खिडकीबाहेर बघा.
खिडकीबाहेर बघा हे माझं.

१३ एप्रिल, सकाळी ११
स्वयंपाकघरात दोघी. भाची टाईप करतेय, ही भाजी निवडत सांगतेय. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरला होता.
घोषणा करणारी रोज सकाळी आठला काय म्हणेल, असं भाचीने विचारलं. ही म्हणाली, लिही: आज कोणी आलेलं नाही. मी इथेच आहे. तुम्ही सावकाश या.
भाचीने विचारलं, हे कुठून सुचलं? ही म्हणाली, सुचलं कुठलं, रोजचंच आहे. लोक फोन करतात आणि विचारायचं काय तेच विसरतात. त्यांचं माणूस आत ऑपरेशनला असतं. मग आपण फोन ठेवायचा नाही, एवढंच.
एकवीस वर्षं ही त्या फोनवर बसते. वॉर्ड आणि डॉक्टरांच्या वेळा सांगत असेल असं मी धरून चाललो होतो.
पेपरातलं काहीच लक्षात राहिलं नाही.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६
गेम गेला. एक दिवस आधी. एकूण अठरा मिनिटं. नाव ठेवलंय ‘सावकाश या’. मी सुचवलेलं अंतोत्तर प्रलयपर्व हे नाव पुढच्या भागासाठी राखून ठेवलंय असं मी धरतो.

२१ मे
भाचीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, जूनपासून. तिने आधी हिला मिठी मारली, मग मला. मी तिला प्रवासात कोणत्या वस्तू कुठे ठेवाव्यात याची एक यादी करून दिली. एकच पान. ती म्हणाली, मामा, सुधारलात.

८ जून, रविवार, दुपारी ४
नव्या लोकांचे गेम कंपनीने एका हॉलमध्ये खेळायला ठेवले होते. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुणी फोटो काढला तर.
भाचीच्या टेबलाशी रांग होती. मी खुर्च्यांच्या मागे उभा राहून लोकांचे चेहरे बघत होतो. स्टेशनवरची घोषणा तिसऱ्यांदा होते, तिथे जो तो जरा थांबत होता. आणि क्रेन, सबंध गेमभर जागचा न हललेला, शेवटी फलाटाकडे वळतो आणि हुक खाली सोडतो. एवढंच करतो. बोलत काही नाही.
माझ्या अकरा पानांची तिथे गरज पडली नसती, हे मान्य.
एक बाई, माझ्याच वयाच्या, खेळून उठल्या तेव्हा रुमाल डोळ्यांशी होता. मी पुढे होऊन म्हटलं, लेखनात माझाही हात आहे. त्यांचा चेहरा एकदम उजळला. विचारलं, ती आठची घोषणा तुमची का? म्हटलं, नाही, ती माझ्या मिसेसची. मग क्रेनचा शेवट? तो भाचीचा. मग तुम्ही काय लिहिलंत? सुरुवातीची सूचना, मी म्हटलं. खिडकीबाहेर बघा.
त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, सॉरी हं, तिथे स्किपचं बटण होतं.
तेवढ्यात ही आली. बाईंनी हिचा हात धरला. मागच्या वर्षी त्यांचे वडील पाच आठवडे हॉस्पिटलात होते, त्याबद्दल सांगू लागल्या. हिने पर्स माझ्याकडे दिली आणि खुर्ची ओढली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मधे एकदा मला काहीतरी सुचलं होतं, पण बोललो नाही.
पर्स चांगलीच जड होती. दुसऱ्या हातात घेतली.