सीटवर कोणी नाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (सकाळपासून यंत्राखाली शिरायला त्याच आसनात पडत होतो, त्यामुळे यात उपचार म्हणून काही नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? आई बरी आहे. म्हणजे जेवते, गोळ्या घेते आणि उरलेला वेळ खिडकीत बसून अंगणातल्या गवताकडे बघते. नाना गेल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. हल्ली त्यात मांजर शिरलं की नुसतं शेपटीचं टोक फिरताना दिसतं. "त्यांनी हे चालवून घेतलं नसतं," असं आई भिंतीला सांगते. भिंत म्हणजे मी.

म्हणून नानांचं ते बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र शेडमधून बाहेर काढलं. काढलं म्हणजे ढकललं, आणि ढकललं म्हणजे ते उतारावरून आपणच निघालं नि मी मागून धावलो. बॅटरी मेली होती. (हा शब्द खिडकीतल्या आईसमोर तोंडातून गेला, मग ती खिडकीतून आणि मी अंगणातून, दोघंही बॅटरीकडेच बघत राहिलो.) नवी आणून बसवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, कार्ब्युरेटर खोलून धुतला, प्लग बदलला. माझ्या एकाच शर्टाला तिन्हींचा वास येतो, त्यामुळे आई मला आता ओट्यापाशी येऊ देत नाही. एकदाचं सुरू झालं, पण ब्रेक सोडला रे सोडला की बंद! शेवटी मेकॅनिकला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीटवर कोणी बसलंय का?" मी म्हटलं, मी बसलोय. "मशीनला तसं वाटत नाहीये," तो म्हणाला. सीटखाली एक बटण असतं म्हणे. माणसाचा भार पडला नाही की सीट रिकामी समजून इंजिन बंद होतं. तिथली स्प्रिंग वर्षानुवर्षं नानांच्या देहाला सरावलेली. ताई, या घरात माझं वजन पडत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण ते आता यंत्रानंही सांगावं?

त्याच्याच सल्ल्यानं बटणावर पुठ्ठ्याची घडी ठेवली आणि निघालो. पहिल्या फेरीत पाण्याची नळी कापली. दुसऱ्या फेरीत गुलाबावर चाललो होतो, तेवढ्यात मागून हाक आली, "अरे डावीकडे! डावीकडे घे!" आई पायऱ्या उतरून बाहेर आली होती. नानांनंतर पहिल्यांदाच. मग कुंपणापर्यंत मला हातवारे करत माझ्यामागून चालली, आणि गुलाब तरीही गेला तेव्हा चक्क हसली. सगळं कापून झाल्यावर चपला काढून ओल्या गवतात उभी राहिली. म्हणाली, "आता कसं, घर घरासारखं दिसतंय."

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. घर बघायला गिऱ्हाईक रविवारी येतंय. अंगण रान झालेलं दिसलं तर भाव पाडतील, असं दलालानं बजावलं होतं. विकायचं आपण दोघांनी ठरवलं खरं, पण आईला अजून कोणी बोललेलं नाही. तिला वाटतंय, मी हे सगळं नानांसाठी केलं. तू थोरली आहेस. शनिवारी ये आणि तूच सांग.

आणखी एक. आत्ताच तिनं विचारलं, दर आठवड्याला कापशील ना? मी हो म्हणून बसलोय. शनिवारी नको, पत्र मिळताच ये.