डावीकडचा आवाज

७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धाकटीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत.

आता कामाचं. तू आमच्या लग्नात स्वतः जोडून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि ती दोन लाकडी खोकी (ह्यांच्या भाषेत स्पीकर, माझ्या भाषेत धूळ बसायची जागा) अजून ठणठणीत आहेत. कॅसेटचा डेक मात्र कायमचा गेला, लावली कॅसेट की टेप गिळतो. ह्यांना आता डिस्क प्लेअर हवाय. दिवसभर बस चालवून आलेला माणूस संध्याकाळी तासभर खुर्चीत डोळे मिटून गाणी ऐकतो, त्याला नाही कसं म्हणू? पण दुकानदार एकदम पाच डिस्क मावणारं धूड दाखवतो आणि किंमत सांगताना आवाज हळू करतो. तू दिवसभर लोकांची यंत्रं उघडून बसतोस, तर बहिणीला चार ओळी लिही. खिशाला झेपेल असा कुठला घ्यावा?

हे हल्ली चिडचिडे झालेत. माझं निम्मं बोलणं ऐकत नाहीत, पण ते काय, लग्नापासूनचंच आहे.

पत्राला उशीर करशील तर कान ओढायला मी स्वतः येईन.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान वाचवण्यासाठी पत्र मिळताच लिहायला बसलो.

पाच डिस्कवाला मुळीच घेऊ नका. त्यात फिरणारे भाग फार, आणि आधी तेच बिघडतात. साधा, एका डिस्कचा घ्या. वापरलेला मिळाला तरी चालेल. दिव्यांची रोषणाई बघू नका. ट्रे न अडखळता आतबाहेर होतो का, एवढं बघा. कुणाकडून तरी ओरखडे पडलेली एखादी डिस्क मागून सोबत न्या आणि दुकानात तीच लावायला सांगा. नव्या डिस्कवर सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात. मागे लाल आणि पांढरी, अशा दोन खोबण्या हव्यात. तिथून दोन वायरी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला जातील, लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. बाकी आवाज भाऊजींच्या कानांनी ठरवावा. त्यांच्याइतकं बारकाईनं ऐकणारा माणूस मी आमच्या धंद्यातही पाहिला नाही. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतात.

धाकट्या भावाची आठवण असू दे.

तुझा,
खटपट्या

२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. आ. वि. वि.

तू सांगितलंस तसाच प्लेअर आणला, वापरलेला पण नीटस. पहिल्याच संध्याकाळी हे म्हणाले की डावीकडचा आवाज मेलेला आहे. परत केला. दुकानदारानं दुसरा दिला, दुसऱ्या कंपनीचा. तरी डावी बाजू मेलेलीच. दुकानदार आता आम्हाला लांबून बघितलं की आत जातो.

मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं. पण माझा कान म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणारा, म्हणून गप्प बसले. रविवारी ह्यांच्या गाडीवरचे कंडक्टर आले होते. दोघांची जोडी जुनी, डेपोत त्यांना नवराबायको म्हणून चिडवतात. त्यांनीही ऐकलं आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत म्हणाले. त्यावर हे असे उखडले की त्या बिचाऱ्यांनी चहा अर्धा टाकला.

आणखी एक, तुला म्हणून सांगते. परवा जिना उतरताना ह्यांचा तोल गेला. चपलेला दोष दिला आणि चपला बदलल्या. काल नव्या चपलांतही भिंत धरून उतरले.

काय करू ते कळव. घरात वाद नकोत म्हणून तरी लवकर.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन वेगवेगळ्या यंत्रांची एकच बाजू बिघडावी हे मला पटत नाही. तिसरा प्लेअर आणू नका. त्याऐवजी एक कर. प्लेअरच्या मागच्या दोन्ही वायरींची अदलाबदल कर, लालच्या जागी पांढरी आणि पांढरीच्या जागी लाल. मग भाऊजींना ऐकव. मंद आवाज उजवीकडे गेला, तर दोष प्लेअरचा. तो डावीकडेच राहिला, तर नंतर त्यांची खुर्ची उलटी फिरव, म्हणजे डावं खोकं त्यांच्या उजव्या हाताला येईल. तेव्हा उजवीकडून मंद आलं, तर दोष खोक्याचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा. तो माझा, मी येऊन दुरुस्त करीन.

आणि खुर्ची फिरवूनही त्यांना डावीकडूनच कमी वाटलं, तर त्याच दिवशी मला कळव. ताई, हसण्यावारी नेऊ नकोस. ते फोनवर कुठल्या कानानं बोलतात, तेही बघून ठेव.

तुझा,
खटपट्या

१८ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. आ. वि. वि.

वायरी बदलल्या. डावीकडेच. खुर्ची फिरवली. तरीही डावीकडेच.

मला वाटलं आता पुन्हा चिडतील. पण नाही. उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाले की हाच प्लेअर ठेवू, चांगला आहे, उगाच त्या दुकानदाराला छळलं. तेव्हापासून माझ्याशी फार प्रेमानं बोलतात. त्याचीच मला भीती वाटते.

शेजाऱ्यांकडे फोन आला की उजव्या कानाला धरतात. रस्त्यातही मला उजवीकडे घेऊन चालतात. कधीपासून, ते आठवत नाही.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाले की निवृत्ती पुढ्यात आहे, तेवढी होऊ दे. तुला लिहू नकोस असंही बजावलं. आत्ता हे ड्युटीवर गेलेत म्हणून लिहितेय.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोष यंत्रात नाही, भाऊजींच्या डाव्या कानात आहे. त्यात तोलही जातोय, म्हणजे हे नुसतं वय नव्हे. आमच्या इथल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की माणसाला ताबडतोब तपासा आणि तोवर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू देऊ नका.

तुझ्या शेजाऱ्यांचा फोन बंद आहे. डेपोत लावला, तर एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे दिला आणि शेवटी ठेवून दिला. म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या हाती देतोय. मी शनिवारी पोचतो. तोवर भांड, रड, दाराला कुलूप घाल, पण त्यांना कामावर पाठवू नकोस. पाया पडतो.

खटपट्या

१९ मार्च

चि. खटपट्यास,
अ. आ. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर मोकळं मोकळं वाटतं. तू आठवडाभर राहिलास म्हणून मी उभी राहिले. तुझं ते पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा हे डेपोत जाऊन तास झाला होता. मी रिक्षा करून धावले, आणि फाटकातच गर्दी दिसली. त्यानंतरचं सगळं तू पाहिलंस.

तपासणीचे कागद आले. कानामागच्या नसेवर गाठ आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. जीव वाचेल म्हणतात, पण तो कान गेला तो गेला. गाडी चालवणं तर सुटलंच.

ह्यांच्या गाडीच्या चाकाखाली आलेला कंडक्टरांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, ते तुला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात चौकशी झाली. गाडी मागे घेताना कंडक्टर मागच्या डाव्या कोपऱ्यात उभे होते, शिट्टी देऊन गाडी थांबवायची जबाबदारी त्यांची. त्यांनी खाटेवरूनच साहेबांना लिहून दिलं की मी शिट्टी वाजवलीच नाही, माझं लक्ष नव्हतं, ड्रायव्हरचा काही दोष नाही. साहेबांनी तो कागद फाइलला लावून प्रकरण मिटवलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. हे कंडक्टरांच्या उशाशी बसले आणि विचारलं की खरं सांग, वाजवली होतीस ना. ते नाही म्हणाले. ह्यांनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले, मग कूस बदलून डोळे मिटून घेतले. त्यांच्या बायकोनं मला बाहेर नेलं आणि आता येऊ नका म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितलं.

घरी आल्यापासून ह्यांनी प्लेअर लावलेला नाही. खुर्चीत बसतात आणि मला एकच विचारतात, तुला काय वाटतं, वाजवली असेल का? मी नाही म्हणते. पण मी ते ह्यांच्या डाव्या बाजूला बसून म्हणाले की उजव्या, ते मला स्वतःलाच आठवत नाही, आणि हे परत विचारतात.

ऑपरेशनच्या आधी ये.

तुझी,
ताई