वळणावरचे पिवळे दिवे

प्रिय टिल्लू,

या नावाने हाक मारली की तू चिडतोस, माहीत आहे. पण माझ्यापेक्षा हातभर उंच झालास म्हणून मी काही तुला साहेब म्हणणार नाही. आधी घरची खुशाली. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. बाबांच्या खांद्याचं हाड छान जुळलंय. परवा त्यांनी मधमाश्यांची भरलेली पेटी एकट्याने उचलली आणि कोणी बघतंय का ते हळूच पाहिलं. मी बघत होते, पण बघितलं नाही असं दाखवलं. आणि मोठी बातमी म्हणजे आपल्या पिकअपला कच्च्या रस्त्याचे जादा दिवे बसले. मी बसवले. हसू नकोस.

गेल्या हंगामात गाडी ओढ्यात गेली तेव्हापासून आईने अंधार पडल्यावर माळाच्या वाटेला जायला बंदीच घातली होती. आता तूच सांग, पेट्या हलवायच्या त्या माश्या घरी परतल्यावरच. दिवसा हलवल्या तर निम्म्या माश्या मागेच राहणार. अंधारात जायचं नाही म्हणजे फुलोरा असेल तिथे पेट्या न्यायच्या नाहीत, म्हणजे हा धंदाच गुंडाळायचा. बाबा रिकाम्या पेट्या रंगवत बसायचे आणि रंगवलेल्याच पुन्हा रंगवायचे. तुझं नावही काढत नव्हते. त्या संध्याकाळी गाडी तू चालवत होतास आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर ते तुला म्हणाले, रस्ता सोडून गाडी घालतोस, आंधळा आहेस का. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, नोकरी धरून लांब गेलास, फोनवर फक्त आईशी बोलतोस. बाबांना ते खात होतं, पण बोललेला शब्द त्यांना गिळता येईना. मला धंदाही वाचवायचा होता आणि तुम्हा दोघांचा अबोलाही मोडायचा होता. दुसऱ्या गोष्टीला कुठून हात घालावा ते सुचेना, म्हणून मी दिवे घ्यायला गेले.

दुकानदार टपावर लावायची लांबलचक पट्टी माझ्या गळ्यात मारायला निघाला होता. मी विचारलं, टपावरचा उजेड बॉनेटवर पडून आपल्याच डोळ्यांत नाही का येणार? तर म्हणाला, ताई, पण गाडी काय झकास दिसते! मी बंपरवर बसणारे दोन छोटे चौकोनी दिवे घेतले, रुंद उजेड टाकणारे, पाणी आत न शिरणारे आणि आपल्या खिशाला झेपणारे. त्यांची लोखंडी पकड मात्र हाताने वाकवून बघितली, कारण खड्ड्यांत स्वस्त दिवे जातात ते बहुतेक पकड तुटूनच.

मग मामा मदतीला धावले. त्यांनी आयुष्यभर घरांचं वायरिंग केलेलं, त्यामुळे त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चाकांवरची खोली. आणली की घरातली बारीक वायर! मी सांगत होते की बॅटरीचं व्होल्टेज कमी, तेवढ्याच उजेडाला करंट जास्त ओढला जातो, वायर जाड हवी. ऐकतात कुठले. दिवे लागले, मामांनी कॉलर ताठ केली, आणि बॉनेटखालून जळका वास आला. मग मुकाट्याने जाड वायर आली. बॅटरीलगत फ्यूज बसला, पुढे रिले. म्हणजे सगळा भार रिलेने सोसायचा आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने नुसता हुकूम सोडायचा, आपल्या आईसारखा. अर्थिंगसाठी मी चासीवरचा रंग खरवडून लख्ख पत्रा उघडा केला आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी घातली. नखांची वाट लागली, पण काय मजा आली म्हणून सांगू!

खरी फजिती पुढे झाली. पहिल्याच संध्याकाळी अंगणातच पेट्या गाडीत चढवून बघायला बाबांनी ते पांढरेशुभ्र दिवे लावले. टॉर्चला लाल कागद बांधल्याशिवाय कोणाला पेटीजवळ फिरकू न देणारा हा माणूस, आणि मी त्यांचीच मुलगी. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की माश्या पांढऱ्या उजेडावर झेप घेतात. त्यात एका पेटीच्या तोंडाची जाळी सैल. बघता बघता एक दिवा माश्यांनी झाकून गेला. मामा काचा वर करून गाडीत बसले आणि आतून सूचना देऊ लागले. बाबांच्या नाकावर डंख बसला. आई दारात उभी राहून पोट धरून हसली, आणि तिला इतक्या महिन्यांनी हसताना बघून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी दिव्यांवर पिवळी झाकणं आणून चढवली. पिवळ्याकडे माश्या फारशा वळत नाहीत. पेट्या चढवायच्या त्या मात्र आता लाल टॉर्चवरच.

काल आईने परवानगी दिली. अट एकच, गाडी मी चालवायची. दिवे मी किंचित बाहेरच्या बाजूला वळवून बसवलेत, वाटेच्या कडा दिसाव्यात म्हणून. रात्री आम्ही निघालो, तर खडकाच्या वळणावर, तुझी गाडी ओढ्यात गेली तिथेच, बाबांनी मला थांबायला सांगितलं. तिथली कड ढासळलेली आहे, ते आपल्याला माहीतच होतं. चाक बाहेर गेलं म्हणून ढासळली, असंच सगळे धरून चाललो होतो. पण तिच्या पुढची कड, जी वरून धडधाकट दिसते, तिच्यावर हा उजेड तिरका पडला आणि गवताखाली काळीभोर पोकळी दिसली. पाण्याने सगळी कड खालून पोखरलीय, वर नुसता मातीचा पापुद्रा आणि गवत. बाबा उतरले. काठीने टोचलं, तर हातभर रस्ता त्यांच्यासमोर खाली गेला. मग म्हणाले, पोरगा रस्त्यावरच होता गं. आणि टिल्लू, आपले बाबा रडले. मी म्हटलं, फोन करून तुम्हीच सांगा त्याला. तर म्हणाले, मला बोलता यायचं नाही, तू लिही, आणि ती पोकळी कशी होती ते नीट समजावून लिही. म्हणून हे पत्र. मला इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. ते आत्ता समोरच बसलेत, चष्मा पुसतायत आणि पुन्हा पुन्हा विचारतायत, लिहिलंस का, की त्याची चूक नव्हती? लिहिलं, बाबा. माफ कर म्हणतायत, तेही लिहिलं. आता तू घरी ये.

तुझीच, अजूनही तुझ्या डोक्यावर बसलेली,
ताई