तालमीला गेलेला पोरगा

माय, तुझा नातू काल दुपारी कॉलेज सोडून घरी आला. सुट्टीला आलाय, असं त्याची आई म्हणते. पण दसऱ्याला अजून अवकाश आहे, आणि सुट्टीला येणारा पोरगा ट्रंक, वळकटी, कंदील, तांब्या असं सगळं बिऱ्हाड गोळा करून येत नाही. मी शाळेतली, म्हणजे आपल्या सरकारी मदरशातली, पोरं सोडून घरी आलो तर ओसरीवर ती ट्रंक. नुसतं बघितलं आणि कळलं मला. कायमची परत आलेली ट्रंक कशी दिसते हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? आत बायको चुलीपुढं धपाटे थापतेय, आणि दोन वर्षं हैदराबादेत राहिलेला हा एवढा घोडा पाटावर बसून खाली मान घालून खातोय. मला बघून ती म्हणाली, "लई वाळलंय हो लेकरू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरावर राग नव्हता, तिच्यावरही नव्हता. राग त्या वाक्याचा होता. कारण ते वाक्य तुझं आहे, याच चुलीपुढचं, आणि तेव्हा पाटावर मी होतो.

मी हैदराबादला गेलो तेव्हा परळीला रेल्वे नव्हती. लातूरपर्यंत छकडं, तिथून ती छोट्या रुळांची गाडी, मग मोठी. बाबा गेल्यापासून रान तूच बघायचीस, आणि मला वाटत होतं तू काही मला सोडायची नाहीस. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तू खळ्यावर उंच तिवईवर उभी राहून उफणत होतीस. मी खालूनच ओरडून सांगितलं, "माय, मी पास झालो! आता तालमीला हैदराबादला जातो." आमच्या तोंडात तोच शब्द बसलेला. मदरशात शिक्षणाला तालीमच म्हणायचे, सरकारी हुकमातही तालीमच. तुझ्या लेखी मात्र तालीम एकच, मारुतीच्या देवळामागची, तांबड्या मातीची. तू सूप खाली ठेवलंस, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "जा. पर हाडकुळा हायेस. खुराक लागंल तुला." मी म्हटलं, अभ्यासाला ताकद लागते म्हणून म्हणत असेल. पाणवठ्यावर बायकांना तू काय सांगितलंस ते मला लई उशिरा कळलं. वडगावात निम्म्या लोकांना वाटत होतं की मी निजामाच्या राजधानीत कुस्त्या मारायला चाललोय, आणि बाकीच्या निम्म्यांना माझ्या दंडाकडं बघून हसू आवरत नव्हतं.

बोर्डिंगात ट्रंक उघडली. वर खारका, बदाम, तुपाचा डबा. सगळ्यात तळाशी, धोतरांच्या घडीखाली, नवे कोरे दोन लाल लंगोट. तुझ्या हातची शिवण, दुहेरी दोऱ्याची, बैलानं ओढली तरी उसवणार नाही अशी. खोलीतला जोडीदार शहरातला होता. तो म्हणाला, "क्या मियाँ, दंगल लड़ने आए हो?" आणि पोट धरून हसला. मीपण हसलो. हसता हसता मला तुझी अशी आठवण आली की मी ते लंगोट पुन्हा तळाशी सारले आणि तोंड धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो. एवढ्या बायकांत बसून तू ते शिवले असशील, लेक पैलवान होणार म्हणून मिरवत शिवले असशील. तुला खरं कळवावं असं मनात आलं, पण कळवायचं काय? की माय, मी इथं नुसताच बसून राहणार आहे?

आता वर्गातलं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिथं सगळं उर्दूतून शिकवायचे. उर्दू मला येत होतं, नाही असं नाही. पण आमच्या मदरशातलं उर्दू वडगावच्या बैलगाडीच्या चालीचं होतं, आणि तिथले लोक बोलायचे ते घोड्यावर बसल्यासारखे. पहिल्याच दिवशी मला पोचायला उशीर झाला होता. वर्ग भरलेला. मी दारात उभा, डोक्यावर रुमाल, पायात करकरणाऱ्या वहाणा. प्रोफेसर भला माणूस होता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. पुढच्या रांगेकडं बोट करून तो म्हणाला, "वो कुर्सी ख़ाली है, बैठ जाइए." खाली म्हणजे रिकामी, हे मला ठाऊक होतं गं. धड्यात शंभरदा वाचलं होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या कानात आधी आईची भाषा शिरते. मी 'खाली' ऐकलं आणि खाली बसलो. खुर्चीच्या शेजारी, फरशीवर, मांडी घालून, पंगतीला बसतात तसा. अगं, सगळा वर्ग असा हसला! प्रोफेसरनंही तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाला, "ऊपर, मियाँ, ऊपर." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून मी सगळ्यात मागं बसायला लागलो आणि तोंड शिवून घेतलं. एखादी गोष्ट कळली नाही तर हात वर करायचा, तेवढं मला जमेना. आज एक कळलं नाही, म्हणून उद्याचं दुसरं कळलं नाही, म्हणून परवा सगळंच डोक्यावरून गेलं. थंडी पडेपर्यंत मी वर्गात आंधळ्यासारखा बसत होतो. मी ढ नव्हतो, माय. हे मी आज ठासून सांगतो. ज्याला आख्खा वर्ग हसला, त्याला पुन्हा हात वर करायला पैलवानापेक्षा जास्त ताकद लागते, आणि तेवढी माझ्यात नव्हती.

संक्रांतीला घरी आलो तेव्हा तू दारातच कपाळावर हात मारून घेतलास. "आता गं बया! तालमीत जाऊन माणूस बैलावानी होतं, अन् तू काडी होऊन आलास? खाऊ घालत न्हाईत का तिथं? कोण आपटतंय तुला?" मला आधी हसू आलं, मग रडू. मी म्हणालो, "माय, तिथं कुस्ती न्हाई. तिथं पुस्तकं हायेत." तू माझ्या ट्रंकेकडं बघितलंस. लंगोट आठवले असतील तुला, पाणवठ्यावरच्या बायका आठवल्या असतील. मग म्हणालीस, "पुस्तकानं कुठं कुणी वाळतं का?" याचं उत्तर मला देता आलं असतं. खाली बसल्याचं सांगितलं असतं तर तू हसली असतीस, आणि कोण जाणे, मीही हसलो असतो आणि दुसऱ्या दिवशी छकड्यात बसलो असतो. मी म्हणालो, "तिथली हवा मानवत न्हाई." तू मला जवळ घेतलंस. "मग मरू दे ती तालीम. न्हाई जायाचं. आपलं घर हाय, रान हाय, मला तरी दुसरं कोण हाय?" माझा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी ऊन तोंडावर येईस्तोवर झोपलो. तू दार ओढून घेतलंस आणि कोंबड्यांना हाकलत राहिलीस, मला जाग येऊ नये म्हणून.

आणि हवा मानवत नाही, हे मी पुढं जन्मभर सांगितलं. मॅट्रिकच्या जोरावर इथल्या मदरशात मास्तर झालो. मास्तरकी वाईट नाही. माझ्या हाताखालची पोरं हैदराबादला जायला लागली, आणि त्यातली निम्मी माझ्यासारखीच अर्ध्यातून परत. चौसाळ्याच्या एकाचं लग्न ठरलं. वडवणीच्या एकाला ताप आला आणि ताप उतरला तरी तो गेला नाही. आणखी एकाचा थोरला भाऊ म्हणाला, घरचं बघायला माणूस पाहिजे. गाव मान डोलावतं आणि विषय संपतो. लग्न खरं असतं, ताप खरा असतो, घरची अडचणही खरी असते, मी नाही म्हणत नाही. पण माय, त्याच लग्नाची, त्याच तापाची पोरं परत जातातही की! जो जात नाही, त्याचं तिथं कुठंतरी काहीतरी मोडलेलं असतं, दिसायला लई बारीक, आणि ते तो सांगत नाही. आपणही विचारत नाही. कारण पोरगं घरी आल्याचा आपल्याला आनंद झालेला असतो.

म्हणून आज सकाळी मी त्याला रानात घेऊन गेलो. घरात नको, घरात त्याची आई. तुरीच्या कडेला बसलो आणि विचारलं, "कावून आलास?" म्हणाला, "बोर्डिंगातलं जेवण सोसत न्हाई, दादा." म्हटलं, दोन वर्षं कसं सोसलं? "डास हायेत." डास वडगावात कमी आहेत का बे? माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पण मारून काय मिळणार होतं? मग मी त्याला ते सांगितलं, खुर्चीचं. सगळं. मांडी घालून बसलो तेही. आणि माय, तुझा नातू हसला! असा हसला की बांधावरच्या चिमण्या उडाल्या. मला इतका राग आला की उठून जावं वाटलं. मग बघतो तर त्याच्या डोळ्यांतून पाणी, आणि ते हसण्याचं नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "मी एका विषयात नापास झालो. मला न्हानग्या पोरांत पुन्हा बसवलंय. ती मला बुजुर्ग म्हणतात. मी वर्गात आलो की उठून उभी राहतात. आइए बुजुर्ग, तशरीफ़ रखिए." आपल्याकडं थोरल्या गावाला बुद्रुक म्हणतात तसं त्यांनी माझ्या पोराला बुजुर्ग करून ठेवलंय. अजून धड मिशी फुटली नाही त्याला.

मी म्हणालो, "उद्या परत जायाचं." तो म्हणाला, "न्हाई." मी म्हणालो, "एक विषय हाय, एक वर्ष हाय. म्हणू दे बुजुर्ग. तू हात वर करायचा." तेव्हा त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाला, "तुमी कुठं परत गेलतात? मग मला कावून पाठवता?" बरोबर बोलला. मास्तरकीत इतकी वर्षं गेली, पण एवढा नेमका सवाल मला कुठल्या पोरानं टाकला नव्हता. मी म्हणालो, "गेलो न्हाई, म्हणूनच पाठवतो. अन् नुसता पाठवत न्हाई. मी येतो संगं. तुला वर्गात बसवीन, अन् शेवटची घंटा होईस्तोवर बाहेर बसंन. एक दिवस न्हाई, पाहिजे तर आठवडाभर बसंन. ज्याला हसायचं त्यानं आधी मला हसावं." तो ढेकळं फोडत बसला. मग म्हणाला, "तुमी बाहेर बसले तर ती पोरं अजून हसतील." म्हटलं, हसू दे, आपण दोघं आहोत.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं भांडी आपटली. "दगड हाय तुमचं काळीज, लेकराला चार दिवस बी राहू देईनात," म्हणाली. चार दिवस काय करतात ते मला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी पोरगं बैल पाण्यावर नेतं, आठव्या दिवशी लोक विचारायचं सोडून देतात. मी ऐकलं नाही. आता ती रागारागानं दशम्या करतेय. छकडं सांगून ठेवलंय, पहाटे निघालो की संध्याकाळपर्यंत परळी, आता तिथून रेल्वे आहे. मदरशात रजेचा अर्ज दिला. पोरानं ट्रंक उघडली नाही, हेही मी बघून ठेवलंय. उद्या त्याची आई रडेल, तो रडेल, कदाचित लातूरच्या त्या जुन्या वाटेची आठवण येऊन मीही रडेन. पण छकडं थांबणार नाही.

दुपारपासून हे लिहितोय, आणि आता लिहायचं नव्हतं ते सुचतंय. तू मला जवळ घेतलंस त्याचा मला कधी राग आला नाही, आजही नाही. पण आज बायको भांडी आपटत होती तेव्हा मनात आलं की तू नाहीस हे बरं झालं. तू असतीस तर नातवाला पदराखाली घेऊन दारात बसली असतीस, आणि तुझ्यापुढं माझी एक शब्द काढायची छाती झाली नसती. छकडं माघारी गेलं असतं. हे पत्र कुठं टाकायचंही नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वाच बरं, काय लिव्हलंस ते," आणि मीच तुला वाचून दाखवलं असतं, सगळं, लंगोटाचंसुद्धा. तू नाहीस हे बरं झालं, एवढी एक ओळ मात्र गाळली असती.