डाव्या हाताचा खिसा

५ फेब्रुवारी

आले एकदाची कोल्हापुरात! राजारामपुरीत खोली मिळाली आणि भाऊसोंच्या दुकानात काम. ऑर्केस्ट्रावाल्यांचे स्पीकर, मिक्सर, अँप्लिफायर इथं दुरुस्तीला येतात. आईनं चंदगडहून दिलेली काजूची पुडी मी भाऊसोंपुढे ठेवली, आणि मग वाटलं, ही लाच तर वाटणार नाही ना? ते म्हणाले, "अक्षता, काजू मी खातो, काम तू कर की."

इथली एक रीत फार आवडली. ज्यानं दुरुस्ती केली, तो पेटीच्या आत पेन्सिलीनं आपलं नाव लिहितो. आमच्या घरात नाव लिहिता येणारी मी पहिली. बाबा अजून अंगठाच देतात. माझं नाव एखाद्या पेटीत गेलं की फोटो काढून पाठवीन.

७ फेब्रुवारी

नागसेन नावाचा गिटारवाला आला. भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. त्यानं बाजारातून जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप घेतला आहे. थोडा वेळ गोड वाजतो, मग आवाज बसतो आणि नुसता घुमारा येतो. माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, मिस्त्री कुठं हायत? मीच, म्हणाले. बिचारा ओशाळला.

भाऊसोंनी सांगून टाकलं: हा दुरुस्त झाला तर मिस्त्रीचं टेबल माझं. नाही तर काउंटरवर पावत्या फाडायच्या.

त्यांचा नियमही पाठ करून घेतला. चालू अँपमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही. माझ्या ड्रेसला खिसा नाही. मी डावा हात पाठीमागे धरते.

८ फेब्रुवारी

दुपारी दुकान बंद असतं. डबा खाऊन मी कामाला बसले. एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकेच टकटक करायची. जो बिघडलेला, तो स्पीकरमधून घंटेसारखा बोलतो. तिसरा बोलला. मी पेन्सिल उचलली. टकटक चालूच राहिली.

व्हॉल्व्ह बदलला. घुमारा तसाच. मागची फळी काढली तर आत पेन्सिलीनं लिहिलेलं: "गणप". पुढं नुसती ओढलेली रेघ.

९ फेब्रुवारी

भाऊसोंना अक्षर दाखवलं. त्यांनी फळी उजेडाला धरली, अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, गणपतराव मिस्त्रीचं हाय. याच टेबलावर बसायचे. हाच अँप दुरुस्त झाला, झकास वाजला, आणि आनंदाच्या भरात त्यांनी खिशातला हात काढून चॅसीच्या पत्र्यावर टेकवला. दुसऱ्या हातानं चालू अँपच्या आत नाव लिहीत होते. "नाव पुरं झालं न्हाय, पोरी." नंतर अँप भंगारवाल्याला दिला होता. तो परत इथंच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, म्हणून ओळखलाही नाही.

दुपारी व्होल्टेजचं मीटर लावून वाकले होते. पाठीमागे माझ्या डाव्या तळहाताला कुणाची तरी बोटं लागली. मागं वळले. भिंत.

१० फेब्रुवारी

प्लग काढला. आत करंट साठवून ठेवणारा कंडेन्सर रिकामा केला, मीटर शून्यावर. बघता बघता आकडा परत चढला. थोडा चार्ज परत येतो, हे पुस्तकात आहे. इतका येत नाही. आणि पाठीमागे कुणीतरी माझा हात धरला. लागला नाही. धरला.

भाऊसो म्हणाले, सोड, नागसेनला परत दिऊ, तुला दुसरा दितो. तेवढ्यात काउंटरवरचा एक पावणा हसला की पोरीबाळींचं हे काम न्हवं.

सोडणार नाही. पाठीमागचा हात उघडा राहतो, चूक तेवढीच आहे. खोलीखालच्या संयोगिता शिवणकाम करतात. त्यांच्याकडून ड्रेसला डावा खिसा लावून घेतला. त्या हसल्या. पोरींच्या ड्रेसला खिसा कशाला गं, ठेवणार काय त्यात? हात, म्हणाले.

११ फेब्रुवारी

बिघाड सापडला. व्हॉल्व्हच्या बुडाशी सोल्डरचा डाग तडकलेला. तापला की सुटतो. इतकंच.

डाव्या खिशात हात घातला.

आत आधीच एक हात होता. कोरडा, बोटांची टोकं भाजून निबर झालेली. माझी बोटं त्यानं मुठीत घेतली.

किंचाळले नाही. उजव्या हातानं डाग दिला. नीट बसला.

१२ फेब्रुवारी

दुपार. भाऊसो जेवायला गेलेत. अँप तासभर वाजवला, स्वच्छ. घुमारा नाही.

आता नाव. खिशातला हात सोडत नाही. वाटलं, त्यांना त्यांचं नाव पुरं करून हवं असेल. तेही रास्तच. "गणप"पुढं "तराव" लिहिलं. हात जोडता आले नाहीत, मान वाकवली.

पकड आणखी आवळली.

म्हणजे त्यांना माझं नाव तिथं नको आहे.

नको असू दे. त्यांचं पुरं केलं. ही दुरुस्ती माझी आहे.

प्लग काढून अँप मांडीवर घेतला आहे, वही त्याच्या उघड्या पेटीवर, उजवं मनगट कंडेन्सरपाशी. मीटर चढतंय —

डावा हात खिशाबाहेर आला. मी काढलेला नाही. चॅसीकडे —

ओढ म्हणावं. उजवा माझा आहे. पळणार नाही, पावत्याही फाडणार —

पेटीत अक्षर बिघडू नये म्हणून आधी इथं लिहून बघते. सावकाश. बाबांना वाचता येत नाही, पण माझं नाव ते ओळख —

बोटं पत्र्याला —

अक्ष